अक्षता पडलेला सिनेमा

माणूस भेटला की तो आधी नमस्कार करायचा नाही. खांद्याला धरून वळवायचा आणि म्हणायचा, "तोंड उजेडाकडं करा." नवरी असो, वरबाप असो, दारात दूध घालायला आलेला असो. मला तर त्यानं माझ्याच ओसरीवर कितीदा फिरवलं असेल. मी म्हणायची, "अरे, मी काय पितळेची समई आहे का?" तो म्हणायचा, "मावशी, अंधारात तुम्ही लई वाईट दिसताव." आणि तो खोटं बोलत नव्हता.

बेंबळीत आणि आसपासच्या गावांत लग्नाचं शूटिंग करणारा हा माणूस. माझ्या शेजारीच राहायचा. तुमच्याही गावात असा एखादा असेल, पण याच्यासारखा अस्थिर माणूस तुम्ही बघितला नसणार. चहा उभ्यानं प्यायचा, तोही अर्धाच. जेवताना ताट घेऊन अंगणात फिरायचा. बायको पोरगी लहान असतानाच वारली. तिच्यामागं त्यानं पोरीला एकट्यानं वाढवलं. वेणी वाकडी घालायचा, पण रोज घालायचा.

पोरगी मोठी झाली आणि पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळायला लागली. लग्नाच्या सीझननंतर याच्या हाताला काम नसायचं. एका वर्षी तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मावशी, सिनेमा काढायलोय."

"कसला?"

"त्या बुटाच्या गोष्टीचा. पोरीच्या चित्रांच्या पुस्तकात होती ती."

गोष्ट मला माहीत होती. त्यानंच पोरीला इतक्यांदा वाचून दाखवली होती की भिंतीपलीकडून मला पाठ झाली होती. सावत्र आई पोरीला राबवते, पोरगी चोरून राजवाड्यात जाते, पळताना एक बूट मागं राहतो, राजपुत्र तो घेऊन घरोघर हिंडतो. यानं त्यातला राजवाडा काढून टाकला. याच्या सिनेमातली पोरगी भरतीच्या मैदानावर पळते, बूट चिखलात रुतून राहतो, आणि राजपुत्र घरी यायची वाट न बघता तीच दारोदार बूट मागत हिंडते.

"आणि सावत्र आई कोण?" मी विचारलं.

त्यानं मला उजेडाकडं वळवलं. मग म्हणाला, "तुमाला लई मेहनत करावी लागणार न्हाय."

मी काम केलं. पोरीला उपाशी ठेवलं, तिच्यावर खेकसले, तिची पुस्तकं चुलीत घातली. दुसरी पोरगी कुणी द्यायला तयार नव्हतं, म्हणून नायिका त्याचीच पोरगी. राजपुत्र मोबाइलच्या दुकानातला पोरगा. सगळं बरं चाललं होतं. घोळ झाला तो शेवटी.

गोष्टीच्या शेवटी लग्न. आणि लग्न म्हटलं की या माणसाचं डोकं फिरायचं. आयुष्यभर तेच काढलेलं. त्यानं मांडव घातला, अंतरपाट आणला, खरे गुरुजी बोलावले, गाव गोळा केलं आणि सगळ्यांच्या हातात अक्षता दिल्या. मी म्हटलं, "अरे, खऱ्या मंगलाष्टका कशाला?" तो म्हणाला, "मावशी, खोटं कॅमेऱ्यात लगेच दिसतं."

सिनेमा मोबाइलवर टाकला. लोकांना आवडला. बाजारात बायका मला बघून पोरांना मागं ओढायला लागल्या.

त्याच दिवसांत पोरीचं सास्तूरला जमलं होतं. मुलगा नोकरीवाला, शांत. दोघं फोनवर बोलायचे, पोरीलाही तो पसंत होता. बापाचा जीव त्या लग्नात अडकला होता. आपल्यामागं पोरीला कोण, एवढाच त्याला घोर. आणि सास्तूरहून निरोप आला, "मुलीवर एकदा अक्षता पडल्यात. आमचं जमायचं न्हाय."

त्याला घरात थांबवेना. मला म्हणाला, "चला, तुम्ही साक्षीदार." फटफटीवर मागं बसून, त्याचा लॅपटॉप पोटाशी धरून मी सास्तूरला गेले. हाडं खिळखिळी झाली. तिथली घरं सगळी सारखी, भूकंपानंतर बांधलेली. भलत्याच दारात उतरलो, तिथं चहा प्यायलो आणि मग खरं घर सापडलं.

मुलाची आई माझ्याच वळणाची निघाली. "सिनेमा का फिनेमा, ते मला सांगू नका," ती म्हणाली. "मंगलाष्टका खऱ्या, गुरुजी खरे, गावानं अक्षता टाकल्या. आता आमी आनिक काय टाकायचं?"

मी म्हटलं, "अहो, त्यात मी तिला उपाशी ठेवते. ते पण खरं का?"

"तुमच्याकडं बघून खरंच वाटायलंय," ती म्हणाली. बाई मला आवडली.

त्यानं लॅपटॉप उघडून सिनेमात न घातलेले तुकडे दाखवले. अंतरपाट धरणाऱ्याला शिंक येते, नवरदेव मधेच पेढा खातो, गुरुजी मंगलाष्टक थांबवून चहाचं विचारतात. घरातले सगळे हसले. मुलगाही हसला. आई हसली नाही.

"आमी समजलो," ती म्हणाली. "पण गाव मोबाइलवर बघतंय ना? ते पुसा. समदं पुसा, मग पुढचं बोलू."

त्यानं मुलाकडं बघितलं. मुलगा खाली बघत होता. मग या माणसानं, उभ्यानंच, सिनेमा पुसून टाकला. लॅपटॉपमधलाही. मला वाटलं थोडा तरी वेळ लागेल. लागला नाही.

घरी आलो तर पोरगी संध्याकाळचं पळून येऊन बूट काढत होती. बापानं सांगितलं, सिनेमा पुसला, जमलं म्हणून. तिनं विचारलं, "अन् त्ये काय म्हनले?"

"कोण?"

"ज्यांच्यासंगं लगीन लावायलाव, त्ये."

तिनं आमच्यासमोरच फोन लावला आणि आवाज मोठा केला. "तुमाला खरंच वाटलं व्हतं का माजं लगीन झालंय?"

"न्हाय," पलीकडून मुलगा म्हणाला. "मला ठाव व्हतं. पण आईचं मन…"

"मग तिथं बोलला का न्हाईत?"

"आता पुसलंय ना. सोड की."

"बाबानं पुसला म्हनून मी चालते व्हय? मग न्हाय चालत मी." तिनं फोन ठेवला आणि बुटांचा चिखल खरवडायला लागली. रडली नाही. मी असते तर शिव्या दिल्या असत्या.

तो रात्री उशिरापर्यंत अंगणात येरझारा घालत होता. मी भिंतीवरून ओरडले, "बस खाली, जमीन झिजवशील." बसला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आला. "मावशी, पोरीचं बरुबर हाय. माझा शेवटच चुकला. परत काढू."

"काय काढतो? सगळं पुसून आलास ना."

"शेवटापासून काढू."

पुढं ते दोघं धाराशिवला गेले. ती तिथं भरतीच्या क्लासला आहे, तो एका स्टुडिओत कामाला लागलाय म्हणतात. स्टुडिओत त्याला कसं करमतं कुणास ठाऊक. शेजारच्या दाराला कुलूप आहे. जायच्या आधी नवीन सिनेमाचा एकच तुकडा झाला, तेवढा मी सांगते.

राजपुत्र झालेला मोबाइलच्या दुकानातला पोरगा आला नाही. त्याच्या बापाला आता भीती, पोराचंही लग्न असंच मोडायचं. म्हणून बूट माझ्या हातात दिला. रस्त्याच्या कडेला मी, सावत्र आई, बूट धरून उभी. पोरगी आली, माझ्या हातातनं बूट घेतला, पायात घातला, नाडी आवळली आणि पळाली. कडुनिंबापाशी पोचली की बापानं हाक मारायची आणि तिनं परत यायचं, असं ठरलं होतं.

ती कडुनिंबापाशी पोचली. पुढं गेली. वळणावरच्या उसाच्या फडाआड दिसेनाशी झाली. रस्त्यावर एक ट्रॅक्टर तेवढा येत होता.

"अरे, हाक मार," मी म्हटलं. "पोरगी दिसंना झाली."

तो हलला नाही. कॅमेरा डोळ्याला लावून, पाय रोवून उभा होता. ट्रॅक्टर आमच्या अंगावर धूळ उडवून गेला, तरी तो रिकामा रस्ता काढतच राहिला.