मालनच्या कार्डावर मी लिहिलेलं

हे मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं — नवऱ्यालाही नाही. आता सांगायला बसलेय, तर मधेच थांबणार नाही.

आटपाडी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स होते. मालन सातव्या महिन्यात पहिल्यांदा तपासायला आली. मेंढरं राखणारं घर. दुसऱ्या दिवशी कळप घेऊन खंडाळ्याकडे निघणार होतं. गरोदर बाईची एचआयव्हीची तपासणी करायचीच असते — बोटाला सुई, पट्टीवर रक्ताचा थेंब, मग वीसेक मिनिटं थांबायचं. पट्ट्या कपाटात होत्या. पण माझी चारची एसटी चुकली असती. आणि वाटलं — या माळावरच्या पोरीला कुठून असणार असलं काही? हे ठरवणारी मी कोण होते?

सुई टोचलीच नाही. कार्डावर लिहिलं — निगेटिव्ह.

एवढंच असतं तरी पुरे होतं. पण पुढचं जास्त वाईट आहे.

दीड वर्षानं ती लेकीला घेऊन आली. पोर सारखी आजारी, म्हणून तालुक्याला रक्त तपासलं, तर लेकीलाही लागण, तिलाही. वेळेवर कळलं असतं तर मालनला गोळ्या, बाळाला औषध — पोर बहुतेक वाचली असती यातून. सासू दारात उभी होती.

"आवं सिस्टर," मालन म्हणाली, "तवा तर कार्डावर काय न्हवतं. मग ह्ये आलं कुठनं?"

मी म्हणाले, "नंतर झालं असेल."

नंतर — म्हणजे कळपाबरोबर बाहेर असताना. सासूला एवढं पुरलं — दोष सुनेचाच ठरला. नवऱ्याची तपासणी कुणी मागितलीच नाही. त्याच आठवड्यात मालनला घराबाहेर काढलं. मला कळलं होतं. मी — गप्प बसले. सहा वर्षं.

गेल्या महिन्यात आधी तिच्या सासरी गेले, मग वरिष्ठांकडे लेखी दिलं, मग मलकापूरला, मालनकडे. तिथं ती एका खानावळीत भाकऱ्या थापते. लेक शेजारी अभ्यास करत होती. उभ्यानंच सगळं सांगितलं.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"सासूला सांगितलंसा?"

"आधी तिथंच गेले."

"मग आता जावा."

आणि तिनं लेकीला हाक मारली. गोळीची वेळ झाली होती.

मी निघाले. चौकशी सुरू आहे. विचारतील त्यांना हेच सांगणार आहे — सुई मी टोचली नाही, आणि 'नंतर' हा शब्द माझा होता.