मोहाखाली बांधलेला कुत्रा

सुट्टीत गावी आलो की बाबांसोबत जंगलात मोहफुलं वेचायला जातो. आमची दोन्ही कुत्री सोबत असतात. तिथे कसलीच घाई नसते.

एका सकाळी धाकटा कुत्रा भटकू नये म्हणून मी त्याला झाडाला बांधलं. शहरात तसंच पाहिलं होतं. थोड्या वेळाने थोरला गुरगुरला. पलीकडच्या मोहाखाली अस्वल फुलं खात होतं.

"कायले बांधला रे त्याले? सोड," बाबा हळूच म्हणाले. "जंगलात कुत्रा मोकळाच रायते, कॉलेजवाल्या."

माझ्या हातून गाठ सुटेना. बाबा काठी घेऊन आमच्यापुढे उभे राहिले. थोरला भुंकत राहिला. अखेर अस्वल झाडीत गेलं, तेव्हा कुठे गाठ सुटली.

मोकळा झालेला धाकटा कुठेच गेला नाही. तो माझ्या पायाला चिकटून थरथरत बसला.