डालग्याखालची तांबडी

कोंबड्यांचा स्वभाव ओळखावा तो आमच्या भागुबाईनंच, म्हणजे माझ्या बायकोनं. पाय दुखावलेली तांबडी कोंबडी आम्ही पंधरा दिवस वेगळी ठेवली होती. मी शहाण्यानं ती थेट खुराड्यात सोडली, तर बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या.

"अवो, लय दिवसांनी आलेलीला असं आत ढकलायचं असतं का?" म्हणत भागुबाईनं तांबडीला अंगणात बांबूच्या डालग्याखाली ठेवलं आणि दाणे आत-बाहेर टाकले. चार दिवस सगळ्या फटीच्या अलीकडे-पलीकडे टिपत राहिल्या. पाचव्या दिवशी डालगं उचललं, तर कुणी मानही वर केली नाही.

मागे सुनांशी भांडून मी मनमाडला लेकीकडे आठवडाभर राहिलो होतो. सायखेड्याला घरी परतल्यावर चार दिवस भागुबाई माझं ताट बाहेरच्या ओट्यावर मांडायची, सुना दारातून वाढायच्या. ते डालगंच होतं, हे मला आज कळलं.