वहिनीच्या तळहातावरचा ठेका
उकडलेल्या धानाचा वास आला की मला आमच्या गावच्या दवाखान्यातली हिरव्या पडद्याची खोली आठवते. मागच्या राईस मिलमधून तो ऊबदार वास आत येत होता. वहिनीला आठवा महिना होता आणि सकाळपासून पोटातलं बाळ हललं नव्हतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून सोबत मी आले होते. "ठोके ऐकायच्या मशीनचा सेल गेला, पण माहे कान शाबूत हायेत," म्हणत नर्सबाईंनी तिच्या पोटावर लाकडी नळी टेकवली आणि वाकून कान लावला. खिडकीतला पडदा फुगत होता, बसत होता. मग त्या हसल्या. "पळून राहिलं ना मस्त!" वहिनीचा विश्वास बसेना, कारण त्या नळीतून तिला स्वतःला काही ऐकू येणार नव्हतं. "तू ऐक वो," ती मला म्हणाली. मी कान टेकवला. खूप खोल, पाण्याखाली काहीतरी धावत होतं. "कसं वाजून राहिलं? सांग ना!" मला शब्द सुचेनात. मी तिचा हात घेतला आणि तळव्यावर बोटाने तो ठेका वाजवला. "एवढं जोरात?" "बाळाचं असंच राहते," नर्सबाई म्हणाल्या, "पण हलणं कमी वाटलं का तशीच निघून येजो, वाट नको पाहू." वहिनी डोळे मिटून पडून राहिली, तळहात उघडाच ठेवून. आता तिची लेक झोपताना माझ्यापुढे हात पसरते. गोष्ट सांगायला मला अजून जमत नाही. मी बोटाने तिला तिचाच जुना ठेका वाजवून दाखवते.