खोबणीतलं कुंकू

माघात एका मंगळवारी माझी पत्नी गेली. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी वर्गात शिकवत होतो. मी पुस्तक मिटलं आणि निघालो. तिचा कॅमेरा त्या दिवशी लखनौला दुरुस्तीत होता.

ती बँकेत नोकरी करायची आणि सुटीच्या दिवशी घाटांचे फोटो काढायची. बनारसमध्ये फोटो काढणाऱ्यांना तोटा नाही. सगळे नावेत बसून तीच आरती टिपतात. तिला एकच फोटो हवा होता. कार्तिकात पंचगंगा घाटावर पितरांसाठी आकाशदीप लावतात, म्हणजे उंच बांबूच्या टोकाशी दोरीने चढवलेली टोपली आणि तिच्यात पणती. वर ते दिवे आणि खाली पाण्याच्या आत बुडालेली पायरी, दोन्ही एकाच चौकटीत यावीत, असं तिच्या मनात होतं.

"दिवे ज्यांच्यासाठी लावतात, ती माणसं खाली पाण्यातच तर सोडलीत ना आपण," ती म्हणायची.

त्या एका फोटोसाठी घरात वर्षभर लेन्सची चर्चा चालली. चर्चा म्हणजे ती बोलायची आणि मी वाचता वाचता हुंकार द्यायचो. दूरचं जवळ आणणारी लेन्स तिने आधीच बाद केली. आपलं पाणी गढूळ, तेव्हा कॅमेरा पायरीच्या अगदी जवळ न्यायला हवा, आणि तेवढ्या जवळून पायरी नि आभाळ दोन्ही मावायचं तर लेन्स रुंद हवी, हे तिने मला जेवताना समजावलं. मग ताटात वाटी पालथी घातली. ती वाटी म्हणजे हाउसिंगचा काचेचा घुमट. हाउसिंग ही कॅमेरा पाण्यात नेण्याची बंद पेटी. सपाट काचेची स्वस्त होती, तरी तिने घुमटाचीच मागवली. फिल्टरवरून मात्र मी तोंड उघडलं. पाण्यावरची चकाकी काढून टाकणारा फिल्टर मिळतो, असं मी कुठेसं वाचलं होतं. मोठ्या ऐटीत सांगितलं.

"अहो, चकाकीबरोबर दिव्यांचं प्रतिबिंबही जाईल. मग पाण्यात काय उरेल, तुमची पंडिताई?"

लाल फिल्टर समुद्राच्या निळ्या पाण्यासाठी, इथे तो नुसता उजेड खाईल, म्हणून तोही नको. शेवटी फिल्टर एकही लावायचा नाही असं ठरलं.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. हत्यारं म्हणजे माझी पुस्तकं, विळी आणि तिचा कॅमेरा. त्या सकाळी पेटीत पाणी शिरू नये म्हणून झाकणाखाली बसणाऱ्या रबरी कड्याला आणि त्याच्या खोबणीला नुकतंच ग्रीस लावून तिने पेटी उघडीच पाटावर ठेवली होती. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, नमस्कार केला. मग बाहेरून पुसून पेटी मिटली.

पुराचा गाळ धुऊन पायऱ्या मोकळ्या झाल्यावर आम्ही कार्तिकातल्या एका संध्याकाळी घाटावर गेलो. ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली. बाजूला नाव बांधून बसलेला ओळखीचा नाववाला म्हणाला, "भाभीजी, नीचे मछली का ब्याह है का?"

"हाँ भैया, आपको न्योता नहीं आया?"

तिने पेटी अर्धी बुडवली, दोन-तीनदा बटण दाबलं, आणि घुमट आतून धूसर झाला. पेटी वर काढली तर आत पाणी हलत होतं. पायरीवर बसून तिने झाकण उघडलं. खोबणीतल्या ग्रीसमध्ये लाल थर बसला होता, आणि तेवढ्याच भागात कडं नीट टेकलं नव्हतं. आता ही रडेल असं मला वाटलं.

"दसऱ्याचं कुंकू आहे हो," ती म्हणाली. "आता कुणावर रागवू?" आणि हसायला लागली.

कॅमेरा आणि लेन्स लखनौला गेली. पेटी वाळवून कपाटात ठेवली. कॅमेरा परत आला की खोबणी पुसू आणि पुढच्या कार्तिकात पुन्हा जाऊ, असं ती म्हणाली होती.

फाल्गुनात दुकानातून फोन आला. मॅडम आहेत का, असं विचारलं. मी येतो म्हटलं, आणि जाऊन कॅमेरा घेऊन आलो.

या कार्तिकात तो फोटो मीच काढायचा असं ठरवलं. पेटीबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचलं, मला तेवढंच जमतं. रुंद लेन्स लावली. मऊ कापड घेऊन पेटी उघडली. कुंकू तसंच होतं, ग्रीसमध्ये धरलेलं, आणि एका जागी ग्रीसवर तिच्या बोटाच्या रेषा उमटलेल्या होत्या. खोबणी स्वच्छ पुसल्याशिवाय पेटी पाण्यात नेऊ नये, असं पुस्तकात लिहिलं आहे. पुसायला क्षणही लागला नसता. तिने तर बोलता बोलता पुसून टाकलं असतं, आणि मला हसली असती. मी कापड हातात घेऊन बसून राहिलो. मग पेटी मिटली.

संध्याकाळी कॅमेरा न घेताच पंचगंगेवर गेलो. नाववाल्याने भाभीजींची चौकशी केली. मी सांगितलं. तो नावेतून उतरून आला आणि मी तिच्या नावाची टोपली वर चढवताना त्याने दोरीला हात लावला. दिवा वर गेल्यावर मी खाली पाण्याकडे पाहिलं. पायरी अंधुक दिसत होती. दिवा पाहायला मान वर करावी लागत होती आणि पायरी पाहायला खाली.

कॅमेरा नीट चालतो. लेन्सवर डाग नाही. पेटी कपाटात आहे, खोबणीत कुंकू आहे. तो फोटो नाही.