चावीवाल्या चांगदेवचा सत्कार

चांगदेव शेळकेला माणसांबद्दल फारसा आदर नव्हता. पंचवीस वर्षं कोपर वस्तीतल्या आळ्यांना पाणी सोडणाऱ्या माणसाच्या मनात तो राहतही नाही. रस्त्यातल्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून व्हॉल्व्ह फिरवला, की मोठमोठ्या भक्तांची थोरवी बादल्यांच्या रांगेत दोन मिनिटांत कळते, असं तो म्हणायचा.

दोनच बायकांना तो मानायचा. गणपतीच्या देवळाजवळच्या वरच्या आळीतल्या पापडवाल्या नंदाताई आणि मशिदीकडच्या खालच्या आळीतल्या शिवणकाम करणाऱ्या शमीमखाला. अकरा वर्षांपूर्वी दोघींनी व्हॉल्व्हपाशी उभ्या उभ्या ठरवून टाकलं होतं. वरच्या आळीला संध्याकाळी पाच ते सहा पाणी, खालच्या आळीला सहा ते सात. रमजानात वरच्यांनी आपला शेवटचा अर्धा तास खाली द्यायचा आणि गौरी-गणपतीत खालच्यांनी पहिला अर्धा तास वर. ना अर्ज, ना बैठक. चांगदेवने फक्त चावी फिरवायची आणि गप्प बसायचं.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना विनीत उगवला. नव्या टॉवरमधला, सलोखा मंचाचा अध्यक्ष. या मंचाने आदल्या वर्षी सद्भावना रॅली काढली होती, तीत सगळे एकाच सोसायटीचे, एकाच रंगाच्या टोप्या घातलेले. वस्तीत कोणाच्या घरी त्यांनी कधी घोटभर चहा घेतला नव्हता, पण वस्तीवर भाषणं मात्र दणकून करायचे. आता रमजानात त्यांना इफ्तार करायचा होता आणि स्टेजवर बसवायला एक ‘तळागाळातला माणूस’ हवा होता.

“मी येईन, शाल घेईन, निघून जाईन,” चांगदेव म्हणाला. “बोलायला लावू नका.”

पण गळ्यात हार पडला, समोर दोनशे खुर्च्या दिसल्या, आणि आयुष्यभर इतरांच्या फुशारकीला नाक मुरडणारा हा गडी माईक धरून बसला. अकरा वर्षांचा सगळा हिशेब त्याने वेळांसकट सांगून टाकला. टाळ्या पडल्या. विनीतने व्हिडिओ टाकला, तो चार दिवसांत घरोघर फिरला.

पाचव्या दिवशी तक्रारी आल्या. आमच्या हक्काचं पाणी त्यांना का, असं दोन्ही आळ्यांतले लोक विचारू लागले. यातल्या एकानेही आजवर घरात कधी हंडा उचललेला नव्हता. खात्याच्या साहेबांनी चांगदेवला बोलावलं.

“पाणीखातं तुमच्या घरचं आहे का हो?”

त्या दिवसापासून चावी फिरवली की वेळ दिसेल असा फोटो पाठवायचा, असा हुकूम निघाला. अदलाबदल संपली. चांगदेव विनीतकडे गेला, तर तो म्हणाला, “आपण हे पॉलिसी लेव्हलला मांडू,” आणि त्याने कुठल्याशा परिसंवादाची लिंक पाठवली. असल्या माणसाच्या हातून आपण हार घालून घेतला, याची चांगदेवला किळस आली. त्याहून जास्त किळस स्वतःची आली. पुढचे सहा महिने तो व्हॉल्व्ह फिरवून फोटो काढायचा आणि मान वर न करता पुढच्या खड्ड्याकडे निघून जायचा. दोन बायकांनी जपलेली गोष्ट आपण टाळ्यांसाठी मोडली, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

गौरीजेवणाच्या दिवशी मात्र त्याचा पाय निघेना. सहाला त्याने नियमाप्रमाणे वरचं पाणी बंद करून खालचं सोडलं, फोटो पाठवला आणि तिथेच थांबला. खालच्या आळीतल्या बायका नळावर कॅन भरत होत्या आणि हातोहात चढावर पाठवत होत्या. शमीमखाला मध्ये उभ्या राहून ओरडत होत्या, “पहले नंदा के घर, उसके यहां पाहुणे बैठे हैं.”

चांगदेवने चावी भिंतीला टेकवली, एक कॅन उचलला आणि धापा टाकत नंदाताईंच्या दारात नेऊन उभा राहिला.

“बरं झालं हो,” तो म्हणाला. “रमजानात खालच्यांचे हाल झाले, ते मला फार लागलं होतं.”

“हाल कुठे झाले? आम्ही असेच कॅन खाली पोचवत होतो, रोज.”

“रोज? मग मला कसं कळलं नाही?”

नंदाताईंनी त्याच्या हातातून कॅन काढून घेतला.

“कळू दिलं नाही, भाऊ.”