करंगळीपर्यंतची वाहिनी

धुकं खाली उतरलं होतं, पाणी हाताला चावत होतं. सुईवाला मोरीत उकिडवा बसून माशाचे खवले काढत होता. चिनी पद्धतीनं सुया टोचून लोकांची दुखणी हलकी करायची, यात त्याचा जन्म गेला. विधवा धाकटी बहीण त्याच्याकडेच राहायची.

गेल्या वर्षी तिची कंबर धरली. त्यानं पाठीपासून पायाच्या करंगळीपर्यंत उतरणारी वाहिनी, म्हणजे त्याच्या शास्त्रातली प्राणशक्तीची वाट, धरून सुया लावल्या. त्याचा ताळा सोपा होता. सुई शिरली की खाली मुंग्या धावल्या पाहिजेत. रोगी "चालली" म्हणाला की वाट मोकळी. बहिणीची तर सुई टेकायच्या आधीच चालायची.

"तुझी वाहिनी म्हणजे हमरस्ता आहे गं," तो खुशीत म्हणायचा.

"मग टोल घे," ती म्हणायची.

पण तिच्या मणक्यात गाठ वाढत होती. मुंग्या येत होत्या त्या चिरडल्या जाणाऱ्या नसेच्या. गाठ काढली तोवर कमरेखाली सगळं लाकूड झालं होतं.

तिची लेक मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायची. आज ती मोरीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मामा, माशाच्या अंगावर ती रेघ दिसते ना, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत?"

"रोजच दिसते."

"पाणी हललेलं त्याला तिच्यातून कळतं. आपले पूर्वज जमिनीवर आले आणि ती गेली. तुझ्या वाहिन्या म्हणजे तिचीच काही खूण असेल, असं मलाही वाटायचं. पण एवढी प्रेतं उघडली, नसा दिसल्या, स्नायूंवरचे पापुद्रे दिसले. वाहिनी काही दिसली नाही."

"म्हणजे मी हवेतच टोचत होतो."

"लोकांना बरं वाटायचं, ते खोटं नाही. पण आईला आता टोचू नकोस. तिला कमरेखाली काही कळत नाही. चिघळलं तर भरून यायचं नाही."

आतून हाक आली, "दादा, सुया आण. गाडी कधीची थांबलीय माझी."

तो हात धुऊन गेला. तिला भिंतीकडे कुशीवर वळवलं, पाठीमागं बसला, सुई काढली. आता टोचायचं नाही, एवढंच तिला सांगायचं होतं.

"चालली, दादा," ती भिंतीला म्हणाली. "थेट करंगळीपर्यंत."

सुई अजून त्याच्या चिमटीतच होती.

"हं," तो म्हणाला. "वाट मोकळी आहे."

त्यानं सुई डबीत ठेवली. तिच्याखालची ओली चादर काढली, कोरडी घातली. मग मोरीत येऊन बसला, आणि मासा उचलून शेपटीकडून सुरी उलटी फिरवू लागला.